गरिबास खरोखर कशाचा उपयोग होतो?
केनियाच्या पश्चिम भागांतील एक पाठ

गरिबांस मदत करावी ह्याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. पण केलेली मदत लागू पडली कीं वायां गेली, हें पाहण्यासाठीं परत कोण जातो? देणारा देतो, घेणारा हात जोडतो, आणि दोघेहि आपापल्या घरीं जातात. वर्षाच्या शेवटीं अहवाल छापला जातो. त्यांत इतकीं पुस्तकें वांटलीं, इतकीं घोंगडीं दिलीं, असा हिशेब असतो. त्या पुस्तकांनीं मूल किती शिकलें, त्या घोंगड्यानें कोणाचें आजारपण टळलें, हा हिशेब त्यांत नसतो. आजच्या पाठांत आपण अशा एका मुलखाची हकीकत पाहूं, कीं जेथें हा दुसरा हिशेब सुमारें तीस वर्षें चिकाटीनें ठेवला गेला आहे. त्यांतून जें निघालें तें पुष्कळदां चांगल्या, दयाळू माणसांच्या समजुतीच्या उलट निघालें; म्हणून तें लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे.

केनिया हा देश आफ्रिकेच्या पूर्वेस, हिंदी महासागराच्या कांठीं आहे. १२ डिसेंबर १९६३ रोजीं तो ब्रिटिशांच्या अमलांतून मोकळा झाला. त्याच्या अगदीं पश्चिमेस, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया नांवाचा जिल्हा आहे, आणि त्याच्या खालीं व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूस सियाया. लुहिया, तेसो व लुओ हे तेथील मुख्य लोक. जमिनीचे तुकडे लहान, मुख्य पीक मका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्यास उगाली म्हणतात. तो पानांत नसला तर जेवण झालें असें तेथें कोणी म्हणत नाहीं. पाऊस वर्षांतून दोनदां येतो. हिंवताप घरोघर असतो. जुनें पीक संपून नवें हातीं येईपर्यंतचे जे महिने, त्यांत चूल दिवसांतून एकदांच पेटते, हें आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्यास निराळें समजावून सांगावयास नको. सबंध देशाचें म्हणाल तर २०१५-१६ च्या सरकारी पाहणींत शेंकडा ३६ माणसें दारिद्र्यरेषेच्या खालीं आढळलीं. त्यापूर्वीं दहा वर्षांच्या पाहणींत हाच आंकडा शेंकडा ४६ हून अधिक होता.

ह्या बुसिया जिल्ह्यांत एक डच ख्रिस्ती मदत-संस्था शाळांचें काम करीत असे. १९९० नंतरच्या दशकांत मायकेल क्रेमर नांवाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनियांत गेले असतां, ह्या संस्थेंत काम करणाऱ्या आपल्या एका परिचिताची त्यांनीं भेट घेतली. क्रेमर यांनीं तरुणपणीं केनियांतच शाळामास्तरकी केली होती, तेव्हां तेथील वर्ग त्यांच्या डोळ्यांपुढें होते. संस्था कांहीं शाळांस मदत देणार होती. क्रेमर म्हणाले, तुम्हांस एकदम सर्व शाळांस देतां येणारच नाहीं. तर मग ज्यांस प्रथम द्यावयाचें त्या शाळा अशा रीतीनें निवडा, कीं पुढें दोहोंची तुलना करतां येईल.

हें म्हणणें साधें दिसतें, पण सर्व मर्म त्यांतच आहे. समजा, आपण हुशार व उत्साही पंतोजीच्या शाळेस पुस्तकें दिलीं आणि पुढल्या वर्षीं ती शाळा चांगली निघाली. तर तें पुस्तकांमुळें झालें कीं पंतोजीमुळें, हें कोण सांगणार? उलट, सर्वांत मागासलेल्या शाळेस मदत दिली आणि ती मागेंच राहिली, तर मदत निरुपयोगी ठरली असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. म्हणून शाळांच्या नांवांची यादी करावयाची, ओळीनें मोजून गट पाडावयाचे, आणि एका गटास मदत आतां व दुसऱ्यास मागाहून द्यावयाची. वशिला नाहीं, आवडनिवड नाहीं. पुढें कांहीं प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून हें काम होऊं लागलें. मग दोन गटांत जें अंतर पडेल तें मदतीमुळेंच पडलें असें बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें.

पहिली परीक्षा पाठ्यपुस्तकांचीच झाली. १९९६ सालीं १०० शाळांपैकीं २५ शाळांस पुस्तकें दिलीं. त्या काळीं कित्येक वर्गांत चार-पांच मुलांत एकहि पुस्तक नसे. तेव्हां पुस्तकें मिळालीं कीं मुलें भराभर पुढें जातील, अशी सर्वांची अपेक्षा. परीक्षा घेतल्या, गुण मोजले, आणि सरासरीनें पाहतां कांहींच फरक पडला नाहीं! ज्या थोड्या मुलांचे गुण आधींपासूनच वरचे होते, त्यांस मात्र लाभ झाला. असें कां व्हावें? पुस्तकें इंग्रजींत होतीं. खेड्यांतील मुलाची पहिली भाषा त्याच्या आईची, दुसरी स्वाहिली, आणि इंग्रजी तिसरी. पुस्तक हातांत होतें, पण तें वाचतां येत नव्हतें. भिंतीवर टांगावयाचे तक्ते दुसऱ्या शाळांस देऊन पाहिले; त्यांचाहि गुणांवर परिणाम दिसला नाहीं. संस्थेच्या माणसांस हें वाचून काय वाटलें असेल? तरी तिनें आंकडे दडपले नाहींत, हें तिला मोठें भूषणावह आहे असें मी समजतों.

आतां जंतांची गोष्ट. त्या मुलखांत मुलें अनवाणी फिरतात, शौचकूप थोडे, आणि सरोवराच्या व डबक्यांच्या पाण्यांत गोगलगाईंच्या द्वारें पसरणारा एक कृमिरोगहि आहे. तपासणींत शेंकडा ९० हून अधिक मुलांच्या पोटांत कोणत्या ना कोणत्या जातीचे जंत निघाले. जंत असलेलें मूल मरतें असें नाहीं. तें मलूल होतें, त्याचें रक्त कमी होतें, पोट दुखतें म्हणून तें घरीं राहतें. १९९८ सालीं ७५ शाळांचे, म्हणजे तीस हजारांहून अधिक मुलांचे, पंचवीस-पंचवीस शाळांचे तीन गट केले. पहिल्यास औषध १९९८ त, दुसऱ्यास १९९९ त, तिसऱ्यास २००१ त मिळालें. कोणी कायमचें वंचित राहिलें नाहीं. खर्च एका मुलामागें वर्षास एक डॉलराहूनहि कमी.

परिणाम असा दिसला कीं, औषध मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारें एकचतुर्थांशानें घटली. त्याहून नवलाची गोष्ट ही, कीं त्याच शाळेंत ज्या मुलांनीं गोळी घेतली नव्हती त्यांचेहि जंत कमी झाले. विचार करतां ह्यांत नवल नाहीं. एका मुलाच्या पोटांतील जंतांचीं अंडीं जमिनींत पडतात व दुसऱ्या मुलाच्या पायांस किंवा हातांस लागतात. एक मूल बरें झालें कीं त्याच्या सोबत्याचीहि वाट मोकळी होते. मात्र परीक्षेचे गुण वाढले नाहींत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

ह्या मुलांचा माग वीस वर्षें काढला. तीं मोठीं झालीं, कित्येक शहरांत गेलीं, कित्येक देशाबाहेर. तरी शोधणारे त्यांच्यापर्यंत पोहोंचले. २०२१ सालीं छापलेल्या लेखांत असें दिसतें, कीं ज्यांस दोन-तीन वर्षें अधिक औषध मिळालें होतें त्यांची तासाची कमाई इतरांहून शेंकडा १३ नें अधिक होती. इतक्या स्वस्त गोळीचा इतका लांबचा परिणाम होईल हें सर्वांसच पटलेलें नाहीं. २०१५ सालीं लंडन येथील साथरोगतज्ज्ञांनीं पहिले आंकडे पुन्हां तपासले. त्यांत कांहीं चुका सांपडल्या. शेजारच्या दूरच्या शाळांसहि लाभ झाला असें जें म्हटलें होतें तें तितकेंसें टिकलें नाहीं. इतर देशांतील प्रयोग एकत्र करून पाहणारांसहि एवढा लाभ दिसत नाहीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. जेथें जंत फार, तेथें औषध द्यावें, एवढ्यावर मात्र दोन्ही पक्षांत फारसें अंतर नाहीं. हिंदुस्थानांत २०१५ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळेंत व अंगणवाडींत मुलास अल्बेंडाझोलची जी गोळी चघळावयास देतात, त्याच औषधाची ही गोष्ट आहे.

माझ्या मतें ह्या सर्व कामांत शेतकऱ्यानें विशेष लक्षांत घेण्याजोगा प्रयोग खताचा आहे. बुसियांतील थोडेच शेतकरी मक्यास रासायनिक खत घालीत. सरकारी खात्याचें म्हणणें असें कीं, हे लोक अडाणी, ह्यांस शिकवलें पाहिजे. संशोधकांनीं शेतकऱ्यांच्याच शेतांत, त्यांच्याच हातांनीं लहान लहान पट्टे लावून पाहिलें. रोपामागें चहाचा अर्धा चमचा वरखत दिलें तर एका हंगामांत घातलेल्या पैशावर सरासरी शेंकडा ३६ चा नफा सुटे. परंतु सरकारी खात्यानें शिफारस केलेलें सर्व खत व बियाणें घेऊन ठरल्याप्रमाणें वापरलें, तर सामान्य शेतकऱ्यास तोटा येई! म्हणजे ज्यास अडाणी म्हटलें त्यानें त्या सल्ल्यापुढें मान न तुकविली, ह्यांत त्याचें कांहीं चुकलें नव्हतें.

तरी अर्धा चमचा खत फायद्याचें असून तो तें कां घेत नाहीं, हा प्रश्न उरलाच. शेतकऱ्यांस विचारलें, पुढल्या हंगामांत खत घालणार काय? जवळजवळ सर्वजण म्हणाले, घालणार. प्रत्यक्षांत घातलें एकतृतीयांशाहून थोड्या अधिकांनीं. ते खोटें बोलले नव्हते. कणसें घरीं आलीं, चार पैसे हातांत आले, त्या वेळीं खताची आठवण होती पण गरज नव्हती. पेरणीच्या वेळीं गरज होती पण पैसा उरला नव्हता. मधल्या महिन्यांत शाळेची फी, आजारी सासू, कोणाची उत्तरक्रिया, आणि हात पसरून दारीं आलेला चुलतभाऊ, ह्यांत तो गेला. हें दुःख कोणत्या खेड्यास ठाऊक नाहीं?

तेव्हां संशोधकांनीं असें केलें, कीं कापणी होतांच एक माणूस शेतकऱ्याच्या दारीं पाठवावयाचा. त्यानें म्हणावयाचें, खताची पूर्ण किंमत आतां द्या, चिठ्ठी घ्या. पेरणीच्या वेळीं खत तुमच्या घरीं आणून टाकूं, वाहतुकीचें कांहीं घेणार नाहीं. खताच्या किमतींत एक पैचीहि सूट नाहीं! एवढ्यानें खत वापरणारांची संख्या जितकी वाढली, तितकी वाढविण्यास पेरणीच्या वेळीं निम्मी किंमत माफ करावी लागली असती. ह्या योजनेस साफी असें नांव होतें; स्वाहिलींत साफी म्हणजे स्वच्छ. आपला साफ शब्द आणि हा एकाच अरबी मुळांतून आलेले आहेत. गरिबास खत देणें नव्हे, तर त्याचाच पैसा त्याच्या हातांतून गळण्यापूर्वीं योग्य ठिकाणीं बांधून ठेवण्यास त्यास सोय देणें, हें ह्या प्रयोगाचें सार.

मच्छरदाणीच्या बाबतींत दुसरा एक समज तपासला. पुष्कळ परोपकारी माणसें असें मानतात, कीं फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं. थोडे तरी पैसे घ्यावे. प्रसूतिपूर्व दवाखान्यांत गरोदर स्त्रियांस औषध लावलेल्या मच्छरदाण्या कोठें फुकट, कोठें निरनिराळ्या अल्प किमतींस दिल्या. ४० शिलिंग, म्हणजे तेव्हांचे सुमारें ६० सेंट, एवढी किंमत ठेवतांच घेणारांत शंभरामागें ६० नीं घट झाली. आणि घरीं जाऊन पाहिलें तर फुकट घेतलेल्या बायांनींहि ती खाटेवर टांगली होती. पैसे देणाऱ्या बाया ती अधिक वापरीत होत्या असें दिसलें नाहीं. पाण्याचेंहि असेंच. सुमारें २०० झऱ्यांपैकीं कांहींच्या मुखाशीं सिमेंटचें बांधकाम केलें. तेथील पाण्यांतील घाण दोनतृतीयांशानें घटली, व लहान मुलांची हगवण एकचतुर्थांशानें. पण तेंच पाणी घरच्या मडक्यांत गेलें कीं पुन्हां बरेंचसें दूषित होई. म्हणून पुढें झऱ्यापाशींच क्लोरीनची पेटी बसविली. घागर भरली कीं चावी फिरवावी, मापाचें औषध पाण्यांत पडतें.

आतां सर्वांत कठीण प्रश्न. पुस्तक, गोळी, जाळी, हें सर्व देणाऱ्याच्या पसंतीचें. गरिबाच्या हातांत रोख पैसाच दिला तर? ह्यावर ठरलेलें उत्तर असें कीं, तो दारूंत जाईल. सियाया भागांत गिव्हडायरेक्टली नांवाच्या संस्थेनें हें करून पाहिलें. मोठ्या प्रयोगांत ६५३ गांवें होतीं. चिठ्ठ्या टाकून गांवें निवडलीं, आणि निवडलेल्या गांवांत ज्याच्या घरावर गवती छप्पर त्या प्रत्येकास पात्र धरलें. अशा सुमारें १०,५०० कुटुंबांस प्रत्येकीं सुमारें १,००० डॉलर मिळाले. तेथील कुटुंबाच्या वर्षाच्या खर्चाचा हा सुमारें पाऊण हिस्सा होय. ते परत करावयाचे नव्हते, आणि कशावर खर्चावे ह्याची अटहि नव्हती.

पैसे मोबाइलवरून गेले. केनियांत २००७ सालीं एम-पेसा नांवाची सेवा सुरू झाली. तिच्यायोगें बँकेंत खातें नसलेला मनुष्यहि दुकानदाराकडून पैसे पाठवूं व घेऊं शकतो. पेसा हा शब्द आपल्याच पैशावरून तेथें गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व आफ्रिकेंत रुपयेच चालत. ह्या सेवेनें आपल्या बळावर केनियांतील शेंकडा २ कुटुंबें दारिद्र्यांतून वर आलीं, असें २०१६ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें, आणि त्यांत स्त्रियांच्या घरांस लाभ अधिक झाला. संकटाच्या वेळीं शहरांतील भाऊ त्याच दिवशीं पैसे पाठवूं शकतो, हें त्याचें मुख्य कारण.

सियायांत लोकांनीं त्या पैशाचें काय केलें? कित्येकांनीं छपरावर पत्रे घातले. हें आपणांस चैनीचें वाटेल. पण गवती छप्पर वरचेवर शाकारावें लागतें आणि पावसांत गळतें. पत्रा एकदां घातला कीं वर्षानुवर्षें तो खर्च वांचतो. कोणी गुरें घेतलीं, कोणी लहान दुकान थाटलें, घरांत अन्न अधिक शिजूं लागलें. दारू-तंबाखूवरील खर्च? त्याच भागांतील ह्यापूर्वींच्या एका प्रयोगांत, रारिएडा नांवाच्या ठिकाणीं, तो मुद्दाम मोजला होता. तो वाढला नाहीं. ज्यांस पैसे मिळाले नाहींत त्या शेजाऱ्यांचें काय, हा प्रश्न मला स्वतःला फार बोंचत होता. एकाच्या घरावर पत्रे यावे व दुसऱ्यानें पाहत बसावें, ह्यानें गांव दुभंगणार नाहीं काय? मनांतील असूया आंकड्यांत पुरी धरतां येत नाहीं हें खरें. पण पैशाचा हिशेब लागला आहे. मिळालेला पैसा गवंड्याकडे, सुताराकडे, बाजारांतील भाजीवालीकडे गेला, आणि तिच्याकडून पुढें. दिलेल्या प्रत्येक डॉलरामागें त्या भागांतील एकंदर उलाढाल सुमारें अडीच डॉलरांनीं वाढली. न मिळालेल्या कुटुंबांचाहि खर्च वाढला, म्हणजे त्यांचीहि मिळकत वाढली. आणि बाजारभाव? ते शेंकडा एकाच्या दशांशाइतकेच चढले.

ह्या कामाचा गौरव म्हणून २०१९ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक क्रेमर, एस्तेर द्युफ्लो आणि अभिजित विनायक बॅनर्जी ह्या तिघांस मिळालें. बॅनर्जी यांचा जन्म १९६१ सालीं मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री महाराष्ट्रीय. तथापि ह्या पद्धतीवर टीका करणारेहि थोर अभ्यासक आहेत. ते म्हणतात, गोळी व जाळी मोजतां येते; पण जमिनीची वांटणी, रस्ते, लाचलुचपत, सरकारचें धोरण ह्यांच्या चिठ्ठ्या टाकतां येत नाहींत, आणि देशाचें दारिद्र्य मोठ्या अंशीं त्यांवरच अवलंबून असतें. शिवाय एका जिल्ह्यांत जें साधलें तें दुसऱ्यांत साधेलच असें नाहीं. हे दोन्ही आक्षेप मला रास्त वाटतात.

सियायाच्या पैशाविषयीं शेवटची बातमी २०२५ सालची आहे. संशोधकांनीं त्या गांवांतील घरोघर जाऊन कोणत्या वर्षीं किती बालकें जन्मलीं व किती दगावलीं ह्याची नोंद केली. ज्या घरांस पैसे मिळाले त्यांतील तान्ह्या मुलांचे मृत्यु सुमारें निम्म्यानें घटलेले आढळले. ज्या गांवांजवळ डॉक्टर असलेलें रुग्णालय होतें तेथें घट अधिक होती. रुग्णालय पूर्वींहि होतें, पण तेथें पोहोंचण्यास पैसा लागतो. दुसरें कारण स्त्रियांच्या कष्टांत सांपडलें: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत व बाळंतपणानंतर त्यांस शेतांत राबणें बरेंच कमी करतां आलें होतें. पण पैसे वांटणें थांबल्यावर पुढच्या वर्षांत मृत्यूंचें प्रमाण पुन्हां बहुतांशीं पूर्वींच्या ठिकाणीं आलें.